'शिवराई'चा राजा

वर्धा : बोटभर रुंदीचा तांब्याचा जाड तुकडा. कडा वेड्यावाकड्या. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. साधारण ११ ते १३ ग्रॅम वजनाची ही शिवराई. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र तलवारीच्या अंगाने पुष्कळ सांगितले गेले. या तांब्याच्या अंगाने ते फारसे सांगितले जात नाही.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीराजांचे वडील शहाजीराजे निजामशाहीत आणि पुढे आदिलशाहीत मोठे सरदार होते. मुलखावर पकड असली तरी सरदाराला स्वतःच्या नावाचे नाणे पाडता येत नसे; तो अधिकार राजाचा. तोरणा, जावळी, १६५९ मधील अफझलखानाचा पाडाव, १६६३ मधील शाहिस्तेखानावरील छापा, इतके होऊनही दिल्ली-विजापूरच्या लेखी महाराज बंडखोर जहागीरदारच होते. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. दुसऱ्या वर्षी आग्र्याच्या दरबारात त्यांना कमी मानाच्या रांगेत उभे केले गेले. तो अपमान आणि तेथील नजरकैद यांतून ते सुटले, आणि १६७० पासून गेलेले किल्ले परत येऊ लागले. त्याच वर्षी मराठ्यांनी वऱ्हाडातील संपन्न कारंजा लुटले. आपल्या जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) नव्हे, वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड). आजचा वर्धा जिल्हा स्वराज्याच्या हद्दीत कधी नव्हता, पण घोड्यांच्या टापा इतक्या जवळ आल्या होत्या.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही या नव्या राजाची नाणी. सभोवतालच्या आदिलशाही, कुतुबशाही आणि मोगल तांब्यावर अरबी-फारसी अक्षरे होती. विजयनगरच्या नाण्यांवर नागरी लिपी असे, पण त्या साम्राज्याचा कणा १५६५ मध्येच मोडला होता. होन खजिन्याचा, मानपानाचा. मीठ-मिरची घेणाऱ्याच्या हाती पडे ती शिवराईच.

ती घडवण्याची रीत साधी होती. तांब्याचा तोललेला तुकडा दोन ठशांमध्ये ठेवायचा आणि वरून घणाचा घाव घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान. त्यामुळे एखाद्या नाण्यावर 'राजा' पुरता दिसतो आणि 'शिव' अर्धाच. अक्षरांची वळणे व ऱ्हस्व-दीर्घ इतके बदलतात की ठसे कोरणारे हात अनेक होते, यात शंका नाही.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. मुंबईच्या इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम त्याच्या तहाच्या मसुद्यात होते. ते कलमच अनावश्यक असल्याचे त्याला कळविण्यात आले. कोणत्याही नाण्याला मज्जाव नाही; मात्र ज्यात रयतेचे नुकसान, ते नाणे घेण्याची सक्ती राजा करणार नाही; कस आणि वजन मोगलांच्या नाण्याइतके असेल तर ते आपोआप चालेल, असा एकूण आशय होता. प्रस्तुत लेखकास राज्याभिषेकाच्या सोहळ्यातील सोन्याच्या वर्णनांपेक्षा हे उत्तर अधिक राजाचे वाटते.

राज्याभिषेकानंतर महाराजांना सहा वर्षेही मिळाली नाहीत. त्यातील मोठा काळ कर्नाटकच्या मोहिमेत गेला आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले.

संभाजी महाराजांनी त्याच धाटणीचे तांबे आपल्या नावाने पाडले. पुढे पेशवाईतही पैशाचे नाव शिवराईच राहिले. गंमत अशी की, अठराव्या शतकात आपला हा भाग ज्यांच्याकडे आला, त्या नागपूरकर भोसल्यांनी बंगालपर्यंत धडक मारली, तरी त्यांचा चांदीचा रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच निघत राहिला.