आईने दिलेली श्रद्धा : जे. आर. आर. टॉल्किन

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी आजच्या दक्षिण आफ्रिकेत झाला. वडील १८९६ साली वारले. आई मेबल १९०० साली इंग्लंडमध्ये कॅथलिक झाली, तेव्हा नातलगांनी मदत तोडली. गरिबीतही तिने दोन्ही मुलांना श्रद्धेत वाढवले. १९०४ साली ती मधुमेहाने गेली. मुलांचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, असे टॉल्किन जन्मभर मानत.

१९१६ साली सोमच्या लढाईत त्यांनी जिवलग मित्र गमावले. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. उत्तर युरोपच्या जुन्या वीरकथांच्या प्रेरणेने त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) लिहिले. त्यावरील तिसऱ्या चित्रपटाला २००४ साली ११ ऑस्कर मिळाले.

या कथेत चर्च नाही, धर्मगुरू नाही. तरी दुष्ट अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, गाब्रिएल दूताने पवित्र मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणादिवशी. तीही बळाने नव्हे. शेवटच्या क्षणी फ्रोडोचेही मन ढळते; पण त्याने दयेने जिवंत ठेवलेल्या गोलममुळेच काम तडीस जाते.

२ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन देवाघरी गेले. त्यांचा थोरला मुलगा धर्मगुरू झाला होता. एका विधवा आईची श्रद्धा किती दूर पोहोचली!