प्राध्यापक फ्रँक विल्यम टॉसिग

व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तराजू, वखार आणि गिऱ्हाईक ही उभी राहतात. परंतु एका राष्ट्राचा माल दुसऱ्या राष्ट्राच्या बंदरात उतरू लागला म्हणजे तेथे आणखी एक इसम आडवा येतो, तो जकात घेणारा सरकारी अंमलदार. ही जकात किती असावी, मुळी असावीच की काय, आणि ती अखेर कोणाच्या खिशातून जाते, या प्रश्नांवर राष्ट्राराष्ट्रांत आजवर पुष्कळ वाग्युद्ध झाले आहे. ज्या गृहस्थांनी या प्रश्नाच्या शोधात आपले आयुष्य वेचले आणि तरीही जे कोणत्याही पक्षाचे भाट झाले नाहीत, त्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहोत.

टॉसिग यांचा जन्म २८ डिसेंबर १८५९ रोजी सेंट लुई या शहरी झाला. वडील प्राग येथून अमेरिकेत आलेले. प्रथम डॉक्टर, आणि पुढे मिसिसिपी नदीवरील प्रसिद्ध पुलाच्या कंपनीचे चालक. मुलाने १८७९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मोठ्या सन्मानाने मिळविली, युरोपात प्रवास व अध्ययन केले, आणि परतल्यावर हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांचे चिटणीस म्हणून काम करीत करीत १८८३ साली डॉक्टरेट संपादन केली. पुढे कायद्याचीही पदवी घेतली. व्हायोलिनवादनाचाही त्यांना नाद होता.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मोठा मनोवेधक आहे. नवा धंदा हा कोवळ्या रोपासारखा असतो. परदेशी मालाच्या माऱ्यात तो तगावा म्हणून सरकारने त्याच्याभोवती जकातीचे कुंपण घालावे, असे पुष्कळांचे मत होते व आजही आहे. हे मत खरे की खोटे याची घटपटादी खटपट न करता तरुण टॉसिग यांनी सरळ इतिहासाची दप्तरे उघडली. कुंपण घातले तेव्हा रोप केवढे होते, ते वाढले ते कुंपणामुळे की जमिनीच्या कसामुळे, आणि वृक्ष झाल्यावर कुंपण काढले की नाही, एवढेच ते पाहत गेले. सुती कापडाच्या धंद्यास आरंभी काही काळ आधार मिळाला, परंतु तो धंदा लवकरच आपल्या पायांवर उभा राहिला, असे त्यांस आढळले. लोखंडाची गोष्ट निराळी निघाली. लाकडी कोळशावर लोखंड गाळण्याची जुनी रीत कुंपणाच्या आश्रयाने रेंगाळत राहिली होती. या अभ्यासातूनच १८८८ साली त्यांचा अमेरिकेच्या जकातीचा इतिहास प्रसिद्ध झाला व १९३१ पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. त्यांचा स्वतःचा कल खुल्या व्यापाराकडे होता. तथापि पुढे रेशमाच्या धंद्याचा अभ्यास करताना तेथे संरक्षणास काही यश आल्याचे दिसताच तेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. विद्वत्तेची आमच्या मते हीच खरी कसोटी होय.

१८९२ साली ते हार्वर्ड येथे पूर्ण प्राध्यापक झाले. त्यांची अध्यापनाची तऱ्हा आमच्या विद्यार्थिमित्रांस प्रथम थोडी जाचक वाटेल. ते व्याख्यान थोडे देत व प्रश्न फार विचारीत. एकाने उत्तर दिले की दुसऱ्यास त्यावर आक्षेप घ्यावयास लावीत, तिसऱ्यास दोघांचा निवाडा करावयास सांगत, आणि स्वतः मात्र उत्तर हाती देत नसत. वहीत उतरवून घेण्याजोगे तेथे फारसे काही नसे. ज्याचे त्याने डोके चालवावे. या वर्गातून जेकब व्हायनर यांच्यासारखे नामांकित अर्थशास्त्रज्ञ बाहेर पडले. याच्या जोडीला एका मोठ्या अर्थशास्त्रीय त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी सुमारे ४० वर्षे सांभाळले. अतिश्रमाने प्रकृती ढासळून १९०१ साली त्यांस सुमारे दोन वर्षे काम सोडून परदेशी विश्रांती घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

घरी त्यांच्या सहनशीलतेची याहून कठीण परीक्षा झाली. १९१० साली पत्नी क्षयाने निवर्तल्या. धाकटी कन्या हेलन तेव्हा ११ वर्षांची होती, आणि तिला अक्षरे नीट लागत नसत. वाचताना शब्द उलटसुलट दिसत. आज या व्याधीस नाव आहे, पण त्या काळी अशा मुलास मंदबुद्धी म्हणून बाजूस सारीत. हार्वर्डच्या या प्राध्यापकांनी तसे केले नाही. रोज मुलीस जवळ घेऊन ते धीराने तिच्याकडून वाचून घेत. हीच हेलन पुढे मुलांच्या हृदयविकारांची जगप्रसिद्ध डॉक्टर झाली. हृदयातील जन्मजात दोषामुळे निळी पडणारी बालके वाचविण्याची जी शस्त्रक्रिया १९४४ साली बाल्टिमोर येथे प्रथम झाली, तिची मूळ कल्पना हेलनचीच.

१९१७ साली अध्यक्ष विल्सन यांनी टॉसिग यांस नव्या जकात-मंडळाचे पहिले अध्यक्ष नेमले. मंडळात सहा सभासद. एका पक्षाचे तिघांहून अधिक नसावेत असा कायदा. जकात ठरविण्याचा अधिकार मात्र मंडळास नव्हता. चौकशी करावी व अहवाल द्यावा, इतकेच. या मंडळाने व्यापारी तहांविषयी एक महत्त्वाची शिफारस केली. एका देशास सवलत द्यावयाची आणि दुसऱ्यास ती नाकारावयाची, ही सौदेबाजी सोडून सर्वांस सारखी वागणूक द्यावी, असे तिचे तात्पर्य होते. १९१९ साली विल्सन यांनी त्यांस सल्ल्यासाठी पॅरिसच्या तह-परिषदेसही बोलाविले. त्याच वर्षी मंडळाचा राजीनामा देऊन ते आपल्या वर्गात परतले.

त्यांचे म्हणणे राज्यकर्त्यांनी नेहमीच ऐकले असे नाही. १९२२ साली जकाती चढल्या. १९३० साली त्या आणखी चढविण्याचे विधेयक आले तेव्हा १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी विरोधाचा अर्ज केला, व त्यात सत्तरी गाठलेले टॉसिग अग्रभागी होते. अध्यक्ष हूव्हर यांनी विधेयकावर सही केलीच. कॅनडा आदी देशांनी उलट जकाती बसविल्या. जगातील मंदी या कायद्याने आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ती आधीच सुरू झाली होती. परंतु बुडत्याच्या गळ्यात आणखी एक धोंडा पडला, एवढे खास. चारच वर्षांनी, १९३४ साली, परस्पर कराराने जकात निम्म्यापर्यंत उतरविण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षास मिळाला.

१९३५ साली टॉसिग निवृत्त झाले आणि ११ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे देहावसान झाले. सर्वांस सारखी वागणूक हे तत्त्व अमेरिकेने १९२३ सालीच आपल्या धोरणात घेतले होते. १९४७ साली जिनीव्हा येथे २३ देशांनी जकातीविषयी जो सर्वसाधारण करार केला, त्याच्या पहिल्याच कलमात ते घालण्यात आले. त्या २३ देशांत नुकताच स्वतंत्र झालेला आपला हिंदुस्थानही होता.