नागपूरच्या बंगल्यातला पूल जनरेटरवर चालतो, त्याची गोष्ट बेळगावच्या एका सायकल दुकानातून सुरू होते

मे महिन्यातलं नागपूर. पारा 45च्या आसपास. बंगल्यामागं छोटासा स्विमिंग पूल आणि नेमकी दुपारी लाईट जाते. घरचा जनरेटर सुरू होतो, पंखे फिरतात, फ्रिज चालू होतो. मग कोणीतरी पूलच्या पंपाचं बटण दाबतं. जनरेटर आचका देतो आणि सगळं बंद पडतं.

पंप चांगला असतो, जनरेटरही चांगला असतो. चुकलेली असते ती दोघांची जोडी. यंत्र आणि ते चालवणारी ताकद यांचा मेळ बसला पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांना फार लवकर कळली, त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र चित्रकलेत आणि यंत्रांत. घरातून विरोध असूनही ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथं लक्षात आलं आणि चित्रकार होण्याचं स्वप्न तिथंच संपलं.

यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव तिकडं वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. वाफेची इंजिनं कशी चालतात, पट्ट्यानं ताकद एका यंत्राकडून दुसऱ्याकडं कशी नेतात, हे त्यांनी अमेरिकन तांत्रिक मासिकं वाचून आणि यंत्रं खोलून समजून घेतलं. पुढं हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत त्यांचं सायकलचं दुकान होतं. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि लोकांना चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. पवनचक्क्या विकण्याचा उद्योगही दोघा भावांनी करून पाहिला.

पण लक्ष्मणरावांना यंत्र विकायचं नव्हतं, बनवायचं होतं. प्रश्न एकच, ते चालणार कशावर? तेव्हा खेड्यात वीज नव्हती. शेतकऱ्याकडं ताकद होती ती दोन हातांची आणि बैलजोडीची. म्हणून त्यांनी आधी हातानं चालणारं कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि 1903 च्या सुमारास बैलांनी ओढायचा लोखंडी नांगर.

नांगर कोणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष होतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. एकदा जमीन खोल नांगरली गेल्याचं लोकांनी पाहिलं, तसा गिऱ्हाइकांचा ओघ सुरू झाला.

धंद्यानं जोर धरला आणि बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. आजच्या सांगली जिल्ह्यातली ही जागा तेव्हा निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ होती. 10 मार्च 1910 रोजी तिथं किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

त्या माळावर तारेतून येणारी वीज नव्हती. कोयनेची वीज यायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. कारखान्याला लागणारी ताकद जागेवरच तयार करावी लागे. आज लाईट गेल्यावर आपण जे तासभर करतो, ते किर्लोस्करवाडीत रोजचंच होतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफांचं लोखंड नांगरांच्या कामी आलं. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदली गेली. 1926 मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच वर्षी थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून परतला.

सेंट्रिफ्युगल पंपात पात्यांचं चाक जोरात फिरतं आणि पाणी बाहेर फेकतं. विहिरीवरच्या पंपात हेच, पूलच्या फिल्टरमागच्या पंपातही हेच. पण बैल गोल फिरून त्या चाकाला हवा तेवढा वेग देऊ शकत नाहीत. त्याला इंजिन लागतं किंवा विजेची मोटर. म्हणून पंप बनवल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. 1946 मध्ये त्याचं उत्तर मिळालं. पुण्याच्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. पंप, मोटर आणि इंजिन, तिन्ही एकाच घराण्यात आलं. वीज न पोहोचलेल्या गावांत डिझेल इंजिनाचा फटफट आवाज म्हणजे विहिरीचं पाणी शेतात चाललं, ही खूण ठरली.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1989 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

आता परत नागपूरच्या पूलकडं. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. तेवढी ताकद देणारी मोटर चालू असताना साधारण 1 किलोवॅट वीज घेते. पण सुरू होताना क्षणभर तिला पाच-सहा पट करंट लागतो. पंखे आणि फ्रिज आधीच ओढत असलेला 2 केव्हीएचा जनरेटर तिथंच मान टाकतो. अशा पंपासाठी साधारण 5 केव्हीएचा जनरेटर बरा. मोठा नसेल तर बाकीचा लोड काढायचा, आधी पंप सुरू करायचा, मग एकेक वस्तू जोडायची.

दुसरा उपाय म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारा पंप. तो हळू सुरू होतो, त्यामुळं झटका बसत नाही. शिवाय सेंट्रिफ्युगल पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं मिळतं, पण ताकद जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. नागपूरच्या उन्हात पाणी फिरलं नाही तर ते लवकर हिरवं पडतं, म्हणून ते हळू का होईना फिरत राहणं महत्त्वाचं. मात्र दोन-तीन तास लाईट गेली म्हणून पूल बिघडत नाही. तेवढ्या वेळात पंप बंदच ठेवला तरी चालतं.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब हवा, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि चेंजओव्हर स्विच बसवलेलाच हवा. नाहीतर घरची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याकडं कोणती ताकद आहे, हे आधी पाहिलं आणि मग यंत्र बनवलं. पूलचा पंप घेताना घरच्या जनरेटरची पाटी आधी वाचणं, म्हणजे तेच.