ग्रेस हॉपर बाई

ज्या अमेरिकेतून इ. स. 1831 साली मिशनरी मंडळी त्या वेळच्या अहमदनगरास आली, त्याच देशातील एका विदुषीचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. सावेडीतील विद्यार्थी संगणकावर आज्ञावली लिहितात व कळ दाबताच ती चालू लागते. या सोयीचा पाया घालणाऱ्यांत ग्रेस हॉपर बाई अग्रगण्य होत.

बाईंचा जन्म न्यूयॉर्क शहरी 9 डिसेंबर 1906 रोजी झाला. वयाच्या सातव्या वर्षी, आतील रचना समजावी म्हणून, त्यांनी घरातील गजराची सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेविली. 1934 साली येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरची पदवी त्यांस मिळाली. दुसऱ्या महायुद्धात आरमारात जाऊ इच्छिताच, वय अधिक व वजन कमी म्हणून प्रथम नकार आला. त्यांनी चिकाटी सोडली नाही. 1943 च्या अखेरीस खास सवलतीने प्रवेश मिळून पुढील वर्षी हार्वर्ड येथील प्रचंड गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी यंत्रास द्यावयाच्या आज्ञा अंकांत लिहाव्या लागत. एकाने बसविलेली कृती दुसरा वहीतून हाताने उतरून घेई. उतरताना अंक चुकत, आणि ती चूक शोधण्यात दिवस जात. हे कष्ट यंत्रानेच का करू नयेत, असे बाईंच्या मनात आले. त्यांनी प्रत्येक कृतीस क्रमांक देऊन ती फितीवर साठविली. मनुष्याने क्रमांक सांगावेत, यंत्राने त्या कृती शोधून व जोडून सबंध आज्ञावली तयार करावी, ही योजना 1952 साली युनिव्हॅक यंत्रावर सिद्धीस गेली. तिचे नाव ए-शून्य. यंत्र केवळ आकडेमोड करते, अशी जाणत्यांची समजूत असल्यामुळे प्रारंभी तिचा कोणी उपयोगच करीना. बाई डगमगल्या नाहीत. इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता याव्यात म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह फ्लो-मॅटिक भाषा रचली. 1959 साली आखणी सुरू झालेल्या कोबोल भाषेस तिचाच आधार मिळाला.

पुढे 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी, बदललेले भाग तेवढेच पुन्हा जुळविणारे मेक हे साधन केले. 1983 च्या टर्बो पास्कलमध्ये लिहिणे, यंत्रभाषेत रूपांतर करणे व चूक दाखविणे एकाच ठिकाणी आले.

बाई 1986 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या व 1 जानेवारी 1992 रोजी निवर्तल्या. एकाने नीट केलेले काम सर्वांच्या उपयोगी पडावे, आणि वाचलेला वेळ नव्या विचारास मिळावा, हा बोध आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावा.