स्वामी कुवलयानंद

मनगटी घड्याळांनी हल्ली वेळ सांगण्याचे आपले जुने काम दुय्यम मानले आहे. नाडीचे ठोके किती पडले आणि व्यायामात किती उष्मांक जळाले, हे सांगण्यातच त्यांना भूषण वाटते. पोलीस व सैन्य भरतीच्या आशेने आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील जे तरुण पहाटे रस्त्याने धावतात, त्यांच्यापैकी काहींच्या हाती असे यंत्र असते. आमच्या विद्यार्थ्यांतही ते येऊन पोहोचले आहे. त्यावरचा आकडा प्रमाण मानून कोणी वाढत्या वयात ताटातली भाकरी कमी करतो, तर कोणी तेवढ्याच भरवशावर दोन कचोऱ्या अधिक खातो. यास्तव, व्यायाम करणाऱ्या देहाचे मोजमाप आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी निष्ठेने आरंभिले, त्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजराथेतील डभोई येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु बुद्धी तल्लख असल्यामुळे १९०३ साली मॅट्रिक परीक्षेत त्यांना संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोद्यास कॉलेजात शिकत असता लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या विचारांची छाप त्यांच्यावर पडली. त्याच शहरी राजरत्न माणिकराव यांचा जुम्मादादा व्यायामशाळेचा आखाडा होता. १९०७ ते १९१० ही वर्षे गुणे यांनी तेथे अंग घामाने भिजवण्यात घालविली. एका हाती संस्कृत ग्रंथ आणि दुसऱ्या हाती मुद्गल, असा हा विद्यार्थी होता. आखाड्यातील मनुष्यास शरीराविषयी पोकळ बोलणे फार काळ मानवत नाही, आणि पुढील आयुष्यात गुणे यांच्या अंगी दिसून येणारी चिकित्सा बहुधा तेथेच मुरली असावी.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक म्हणून आले. आमच्या मलकापूरहून गाडीत बसून भुसावळ व जळगाव मागे टाकले की अमळनेर फार दूर राहत नाही. म्हणजे ते एका अर्थी आमचे शेजारीच होत. तेथील राष्ट्रीय कॉलेजाचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. ते कॉलेज १९२३ साली बंद पडले. तत्पूर्वीच, १९१९ साली, नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदास या वृद्ध योग्याची व त्यांची गाठ पडली होती व त्यांच्यापाशी ते योग शिकू लागले होते.

गुरूने सांगितलेल्या क्रियांनी शरीरावर परिणाम होतो, हे गुणे यांनी स्वतः अनुभविले. दुसरा एखादा शिष्य एवढ्यावर संतुष्ट झाला असता. परंतु परिणाम होतो तो कसा, हे यांना हवे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात जाऊन उड्डियान व नौली या क्रिया चालू असताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने पाहिले. नौली करणारा योगी आतड्यात पाणी वर ओढून घेतो, ही गोष्ट लोक चमत्कारासारखी सांगत असत. दाबमापक लावून पाहता असे आढळले की, पोटाचे स्नायू त्या विशिष्ट रीतीने उचलले असता आत हवेचा दाब उणा होतो व त्यामुळे पाणी वर चढते. चमत्कार काही नाही. या उण्या दाबाला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. चमत्कार नाहीसा केला आणि गुरूचा मान राखला, ही हातोटी आम्हांस फार आवडते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. आता ते स्वामी कुवलयानंद झाले होते. आश्रमात ध्यानाची खोली असावी यात नवल नाही, पण येथे प्रयोगशाळाही होती. सर्वांगासन व शीर्षासन करणाऱ्यांचा रक्तदाब आरंभीच्या वर्षांतच मोजला गेला. १९२७ साली महात्मा गांधींनीही आपल्या प्रकृतीविषयी स्वामींशी पत्रव्यवहार केला होता.

स्वामींच्या पुढील कामाचे मोल ध्यानी येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इ. स. १७९० च्या सुमारास पॅरिस शहरी लव्हॉझिए या रसायनशास्त्रज्ञाने आपला सहकारी सेगँ याला पायाने वजन उचलावयास लावून तो किती प्राणवायू घेतो हे मोजले. श्रम वाढले की प्राणवायूचा खप वाढतो आणि नाडीही जलद होते, असे त्यास आढळले. देहात अन्न जळते ते प्राणवायूच्या योगे; एक लिटर प्राणवायू खर्ची पडला की सुमारे पाच किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. तेव्हा श्रमाचा खरा हिशेब श्वासाच्या हवेत आहे. नाडी ही त्या हिशेबाची केवळ खूण होय. आजचे घड्याळ प्राणवायू मोजीत नाही. ते नाडी मोजते, वय व वजन विचारते आणि बाकीचे अनुमानाने सांगते. धावताना हे अनुमान बरेच जुळते. परंतु वैशाखातील ऊन, कडक चहा, किंवा परीक्षेची भीती यांनीही नाडी वाढते, आणि त्या वाढीच्या मानाने अन्न जळत नसते. गणिताचा पेपर हाती पडताच उष्मांक जळू लागले असते तर आमच्या वर्गात कोणी स्थूल उरलाच नसता! १९१७ नव्हे, १९२४ नव्हे, तर अगदी अलीकडे २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सात मनगटी यंत्रांची परीक्षा झाली. बहुतेकांनी नाडी ठीक सांगितली. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची चूकसुद्धा सरासरी शेकडा २७ निघाली.

स्वामींनी खुणेवर विसंबून न राहता हवाच तपासली. प्राणायामाने शरीरात पुष्कळ प्राणवायू साठतो, असा सर्वत्र समज होता व आजही आहे. आपल्या भाषेने या समजुतीस विशेष खतपाणी घातले आहे. कारण इंग्रजीतील ऑक्सिजनला आपण प्राणवायू हे नाव दिले, आणि मग प्राणायाम म्हणजे प्राणवायू भरून घेणे, हे शाळकरी पोरालाही पटू लागले. योगाचा प्रसार करू इच्छिणाऱ्याला तर हा समज सोयीचाच होता. परंतु प्रयोगात त्यास आधार सापडेना. श्वास संथ केला आणि रोखला असता घेतलेल्या प्राणवायूचे मान वाढत नाही, असा निष्कर्ष स्वामींनी आपल्याच त्रैमासिकात छापला व आपल्या ग्रंथातही मांडला. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र आहे, असे त्यांचे मत होते. ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे तिच्याविषयीचे लोकप्रिय पण निराधार विधान आपणच खोडून काढणे, हे किती जणांना साधते? स्वामींच्या मोक्षविषयक मतांशी आम्हां ख्रिस्ती जनांचे ऐक्य होणे शक्य नाही. तथापि पारख करण्याची आज्ञा संत पौलाने आम्हांसही दिली आहे, आणि तिचे पालन आम्ही या आश्रमाइतके केले आहे काय, हा प्रश्न मनात येतोच.

या प्रकरणाला पुढे एक निराळे वळण मिळाले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे मूळचे केरळीय गृहस्थ लोणावळ्यास येऊन स्वामींपाशी प्राणायाम शिकले. परत गेल्यावर त्यांच्यावर जी मोजमापे झाली त्यांत प्राणवायूचा खप उज्जायीत शेकडा २४.५, भस्त्रिकेत १८.५ व कपालभातीत १२ वाढलेला आढळला. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. गुरु-शिष्यांचे आकडे सरळ जुळत नाहीत, हे उघड आहे. आम्हांस असे वाटते की, श्वासाचे स्नायू नेटाने वापरणे हेही एक श्रमच असल्यामुळे त्याला प्राणवायू लागणार. तो साठत नाही, जळतो. आणि ही वाढ तरी केवढी? स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला एखादी किलोकॅलरी जाळतो. त्यात चतुर्थांशाची भर पडली तरी पंधरा मिनिटांच्या उज्जायीने ज्वारीच्या भाकरीचा एक लहानसा तुकडाही पुरता फिटत नाही.

स्वामींच्या हयातीतच हृदयाच्या गतीविषयीही एक बोधप्रद शोध लागला. काही योगी हृदय थांबवितात अशी ख्याती होती. १९३५ साली तेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच डॉक्टरीणबाई हृदयाचा विद्युत् आलेख काढणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या, आणि १९५७ साली वेंगर व बागची हे संशोधक अमेरिकेहून आले. दिल्लीचे डॉक्टर आनंद यांनी त्यांस साथ दिली. त्यांना असे दिसले की, श्वास कोंडून छाती व पोट आवळले असता मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते, पण विद्युत् आलेखात हृदय चालूच असते. ही गोष्ट घड्याळधारकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मनगटावरचे यंत्र उजेड टाकून त्वचेखालील रक्ताची लाट पाहते. छातीला बांधावयाचा पट्टा हृदयाची वीज पाहतो. पट्टा सैल असेल, हात हालत असेल, किंवा थंडीने बोटे गारठली असतील, तर पहिले फसते आणि दुसरे सहसा फसत नाही.

स्वामींनी मुंबई इलाख्यातील शाळांच्या शारीरिक शिक्षणासाठीही वर्षानुवर्षे खटपट केली; तिचा विस्तार येथे करीत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या पश्चात लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी जमिनीतील हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून त्यांचा प्राणवायूचा खप मोजला व त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘योगमीमांसा’ आजही निघते.