बेडकाच्या पायातील वीज : लुइजी गॅल्व्हानी यांची जीवनकथा



आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या पडवीवर पत्रे असतात. जस्ताचा थर दिलेल्या या पत्र्याला दुकानदार गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणतो. हा शब्द ज्या माणसाच्या आडनावावरून आला त्याने पत्र्याचा धंदा कधीच केला नाही. तो होता इटलीतील एक डॉक्टर. आपले हृदय ठोके देते, हात उचलला जातो, पापणी लवते, या सर्वांमागे शरीरात निर्माण होणारी वीज असते, हे प्रयोगाने दाखविण्याचा पाया त्याने घातला. त्या लुइजी गॅल्व्हानी यांची ओळख आपण करून घेऊ या.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या शहरात झाला. वडील सोनार होते. लहानपणी लुइजींच्या मनात धर्मसंघात जाऊन विरक्त जीवन जगावे असे होते, पण घरच्यांच्या सल्ल्याने ते वैद्यक शिकले आणि १७५९ साली पदवीधर झाले. पुढे ते बोलोन्यातच शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. त्यांची पत्नी लुचिया ही त्यांच्याच एका प्राध्यापकाची कन्या. ती नुसती गृहिणी नव्हती, प्रयोगांत पतीची सहकारी होती.

१७८० च्या सुमारास गॅल्व्हानी बेडकाचे पाय सोलून त्यांतील मज्जातंतू आणि स्नायू यांचा अभ्यास करीत होते. एकदा एका सहकाऱ्याने चाकूचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लावले. त्याच क्षणी जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी निघाली, आणि मेलेल्या बेडकाचे पाय ताडकन आखडले! दुसरा कोणी असता तर चमत्कार म्हणून सोडून देता. गॅल्व्हानी यांनी मात्र तोच प्रयोग पुन्हा पुन्हा, नाना प्रकारांनी करून पाहिला.

१७८६ साली त्यांनी बेडकांचे पाय पितळी आकड्यांना अडकवून सज्जाच्या लोखंडी कठड्यावर टांगले. आकाशातील विजेचा परिणाम पाहावा हा हेतू. आकाश निरभ्र होते, काहीच घडेना. शेवटी त्यांनी आकडा कठड्यावर दाबला, तो पाय आखडले. ढग नाहीत, यंत्र नाही, मग वीज आली कोठून? ती प्राण्याच्या शरीरातच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १७९१ साली त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दुर्दैवाने तो पाहायला लुचिया नव्हती. १७९० सालीच ती निवर्तली होती.

प्रबंधाने युरोपभर खळबळ उडाली. पाव्हिया येथील प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी प्रथम तो मान्य केला, पण पुढे त्यांना शंका आली. वीज बेडकात नाही. पितळ आणि लोखंड या दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून ती निर्माण होते. बेडूक केवळ ती दाखवितो, असे त्यांचे म्हणणे पडले.

आता पाहा, टीकेला उत्तर कसे द्यावे! गॅल्व्हानी रागावले नाहीत. त्यांनी धातूच काढून टाकले. १७९४ साली त्यांनी दाखविले की नुसता मज्जातंतू कापलेल्या स्नायूला टेकविला तरी पाय आखडतो. १७९७ साली तर एका बेडकाचा मज्जातंतू दुसऱ्याच्या मज्जातंतूला टेकवूनही त्यांनी तेच घडवून आणले.

पण याच सुमारास त्यांच्यावर मोठी आपत्ती ओढवली. नेपोलियनच्या विजयानंतर तेथे नवे प्रजासत्ताक स्थापन झाले होते. प्रत्येक प्राध्यापकाने राजनिष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. ती शपथ गॅल्व्हानींच्या श्रद्धेला आणि विवेकाला पटेना. त्यांनी ती घेतली नाही. १७९८ साली नोकरी गेली, पगार बंद झाला, आणि साठी ओलांडलेल्या या विद्वानाला भावाच्या घरी आसरा घ्यावा लागला. पुढे सरकारने त्यांना पुन्हा पदावर घेण्याचे ठरविले, पण ते घडण्यापूर्वीच ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १८०० साली, व्होल्टा यांनी आपली विद्युतघटमाला जगापुढे ठेवली आणि गॅल्व्हानी हरले असे लोकांना वाटले.

खरे पाहता दोघेही बरोबर होते. दोन धातूंतून वीज मिळते हेही खरे, आणि शरीरात वीज असते हेही खरे. गॅल्व्हानींची कल्पना अशी होती की स्नायूच्या तंतूत आत एका प्रकारचा आणि बाहेर दुसऱ्या प्रकारचा विद्युतभार साठलेला असतो. १९०२ साली जर्मनीच्या युलिउस बर्नस्टाइन यांनी पेशीपटलाचा सिद्धांत मांडला, आणि १९५२ साली इंग्लंडच्या हॉजकिन व हक्सली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरील प्रयोगांतून त्याचे गणित सिद्ध केले.

ते सोप्या शब्दांत असे. पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. हे दोन्ही धनभारित कणांच्या रूपात असतात. पेशी विश्रांतीत असताना पटलातून थोडे पोटॅशियम बाहेर झिरपते, म्हणून आतली बाजू ऋण राहते. मज्जापेशीत हा फरक साधारण ७० मिलिव्होल्ट असतो. उत्तेजना मिळताच पटलातील सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच ती दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि स्थिती पूर्ववत होते. हे सारे सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात! एका जागचा बदल शेजारची दारे उघडतो, आणि संकेत पुढे धावतो. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप पटलात सतत चालू असतो. तो हा साठा कायम राखतो.

आता गॅल्व्हानींचा धातूविना केलेला प्रयोग तुम्हाला उलगडेल. जेथे तंतू कापला तेथे पटल फाटले आणि आतली ऋण बाजू उघडी पडली. धड भाग आणि कापलेला भाग यांच्यात मज्जातंतू टेकताच त्यातून प्रवाह वाहिला.

आज दवाखान्यात छातीवर तारा लावून हृदयाचा आलेख काढतात. तो कागद म्हणजे हृदयाच्या लक्षावधी पेशींतील याच विजेची नोंद. आजारी माणसाच्या उशाशी बसून तुम्ही तो आलेख कधी पाहिलात, तर या डॉक्टरची आठवण ठेवा. आणि मुलांनो, वर्गात कोणी तुमचे म्हणणे खोडून काढले तर हिरमुसू नका; घरी जाऊन आणखी चांगला प्रयोग करा.