एडगर कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, १९२३ - १८ एप्रिल, २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांना डेटाबेसच्या रिलेशनल, म्हणजेच संबंधाधारित, प्रारूपाचे जनक मानले जाते. माहिती यंत्रात कशी साठवली आहे हे वापरकर्त्याला ठाऊक असण्याची गरज नसावी, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. १९८१ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

सुरुवातीचे जीवन

कॉड यांचा जन्म डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांनी ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनच्या शाही हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते अमेरिकेला गेले व पुढील वर्षी आयबीएम कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या कारवायांमुळे संतापून १९५३ मध्ये ते कॅनडातील ऑटावा येथे गेले आणि काही वर्षांनी अमेरिकेत परतले. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली. जॉन फॉन नॉयमन यांच्या स्वतःची प्रतिकृती घडवणाऱ्या पेशीय यंत्रात प्रत्येक पेशीच्या २९ अवस्था होत्या. असे यंत्र ८ अवस्थांतही शक्य असल्याचे कॉड यांनी दाखवले.

रिलेशनल प्रारूप

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत आले. त्या काळी आयबीएमच्या आयएमएस या प्रणालीत माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असे. ग्राहकाच्या नोंदीखाली त्याच्या मागण्या ठेवल्या असतील, तर एका ग्राहकाच्या मागण्या सहज सापडत. परंतु एखादी वस्तू कोणकोणत्या ग्राहकांनी मागवली, हे शोधणे अवघड जाई. साठवणुकीची रचना बदलल्यास प्रोग्रॅमही बदलावे लागत.

जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी यावर उपाय मांडला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांमधील नाते त्यांतील मूल्यांवरूनच जोडावे आणि कोणती माहिती हवी एवढेच वापरकर्त्याने सांगावे. ती शोधण्याचा मार्ग प्रणालीने ठरवावा, असे हे प्रारूप होते. त्याचा पाया संच सिद्धान्त व तर्कशास्त्र हा होता. एकच माहिती अनेक ठिकाणी साठून विसंगती निर्माण होऊ नये, यासाठी त्यांनी नॉर्मलायझेशनचे नियमही घालून दिले.

विरोध आणि स्वीकार

आयएमएस हे आयबीएमचे यशस्वी उत्पादन असल्याने कंपनीने नव्या कल्पनेचे तत्परतेने स्वागत केले नाही. १९७४ मध्ये कॉड आणि जाळीवजा प्रारूपाचे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांच्यात जाहीर वादविवाद झाला. पुढे आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातून एसक्यूएल ही भाषा पुढे आली. मात्र व्यापारी स्वरूपातील एसक्यूएल प्रणाली बाजारात आणण्यात १९७९ मध्ये ओरॅकलची कंपनी आयबीएमच्या पुढे गेली. आयबीएमचे डीबी२ हे उत्पादन १९८३ मध्ये जाहीर झाले.

एसक्यूएलवर कॉड स्वतः समाधानी नव्हते. एकाच तक्त्यात तंतोतंत सारख्या ओळी येऊ देणे त्यांना सिद्धान्ताशी विसंगत वाटे. १९८५ मध्ये त्यांनी खरी रिलेशनल प्रणाली ओळखण्याचे नियम प्रसिद्ध केले. ते १२ नियम म्हणून ओळखले जात असले, तरी शून्यापासून क्रमांक दिल्याने प्रत्यक्षात १३ आहेत. १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप ही संज्ञा रूढ केली. परंतु तो लेख एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अर्थसाहाय्याने लिहिला गेल्याचे उघड झाल्यावर त्यावर टीका झाली. फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे वयाच्या ७९ व्या वर्षी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

वारसा

कॉड यांच्या प्रारूपात एका नोंदीच्या पोटात दुसऱ्या नोंदींची यादी ठेवता येत नाही, तर प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टची रचना बहुधा तशीच असते. ही दरी सांधण्यासाठी ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगची साधने निर्माण झाली. त्यांच्या 'कोड-फर्स्ट' पद्धतीत आधी प्रोग्रॅममधील क्लास लिहिले जातात व त्यांवरून तक्ते तयार होतात. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये नोंदीच्या पोटात नोंद पुन्हा ठेवता येऊ लागली आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअरसारखी साधने अशा डेटाबेससाठीही उपलब्ध झाली. मात्र ग्राहकाच्या पोटात त्याच्या मागण्या ठेवल्यास वस्तूवरून ग्राहक कसा शोधायचा, हा प्रश्न तेथेही रचना ठरवताना विचारात घ्यावा लागतो. डेटाबेस क्षेत्रातील नवकल्पनांसाठी एसीएम या संस्थेच्या सिगमॉड गटातर्फे कॉड यांच्या नावाने दरवर्षी पुरस्कार दिला जातो.